वर्णमाला, मुळाक्षरे, बाराखडी, लिपी: कोणता शब्द कुठे वापरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणपट्टीत अक्षरांविषयीचे प्रश्न नाना तऱ्हेच्या लोकांकडून येतात. पहिलीतल्या मुलांचे आईबाबा विचारतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, घरच्या पेटीत मोडीतले कागद सापडलेले विचारतात, आणि होडीवर नाव रंगवून घेणारेही विचारतात. गोंधळ बहुधा एकाच जागी असतो: वर्ण, अक्षर, वर्णमाला आणि लिपी हे चार शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. हे शब्द नीट वापरले तर व्याकरण तर सोपे होतेच, पण जुने कागद वाचणे, शब्दकोश पाहणे, मुलांना शिकवणे ही कामेही सोपी होतात. म्हणून खालची उदाहरणे शक्यतो इकडच्या रोजच्या बोलण्यातली घेतली आहेत.

वर्णमाला म्हणजे नेमके काय?

भाषेतल्या सगळ्या वर्णांचा ठरलेल्या क्रमाने मांडलेला संच म्हणजे वर्णमाला. संच पूर्ण हवा आणि क्रम ठरलेला हवा. त्यामुळे एकट्या 'क'ला वर्णमाला म्हणत नाहीत आणि फळ्यावर इकडेतिकडे लिहिलेल्या दहा-बारा अक्षरांनाही नाही. शब्द स्त्रीलिंगी आहे. अनेकवचनही 'वर्णमाला' असेच राहते. एक भाषा, चार भाषा म्हणतो तसेच एक वर्णमाला, चार वर्णमाला.

वर्ण आणि अक्षर यांत फरक काय?

ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत असा ध्वनी म्हणजे वर्ण. एका झटक्यात उच्चारला जाणारा आणि एकत्र लिहिला जाणारा घटक म्हणजे अक्षर. आपण 'क' लिहितो ते एक अक्षर, पण त्यात क् आणि अ असे दोन वर्ण आहेत.

'रत्नागिरी' घ्या. अक्षरे चार: र, त्ना, गि, री. वर्ण मात्र नऊ: र्, अ, त्, न्, आ, ग्, इ, र्, ई. 'समुद्र' या शब्दात अक्षरे तीन आणि वर्ण सात. परीक्षेत 'या शब्दात किती वर्ण आहेत' असे विचारले की अक्षरे मोजून मोकळे होणारे पुष्कळ असतात. शब्दाचा पाय मोडून, प्रत्येक व्यंजनातला लपलेला स्वर वेगळा काढून मोजायचे.

'अक्षर' शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे हस्ताक्षर. 'तिचे अक्षर मोत्यासारखे आहे' यात वर्णाचा संबंध नाही.

मग 'मुळाक्षरे' कशाला म्हणायचे?

काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीही न लावलेली मूळ रूपे म्हणजे मुळाक्षरे. शाळेत आणि घरात हाच शब्द चालतो, आणि तो चांगला आहे. 'बाळाला मुळाक्षरे येतात' म्हणताना 'वर्णमाला' म्हणण्याची गरज नाही. व्याकरणाच्या उत्तरात मात्र 'वर्ण' आणि 'वर्णमाला' लिहा. लेखनात 'मु' ऱ्हस्व: मुळाक्षरे. 'मूळ' या शब्दातला 'मू' दीर्घ आहे म्हणून अनेकजण इथेही दीर्घ लिहितात, ते चुकीचे आहे.

बाराखडी आणि वर्णमाला एकच का?

नाही. वर्णमालेत वर्ण एकामागून एक येतात. बाराखडीत एकाच व्यंजनाला बारा चिन्हे लावत जातात: क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. शब्द 'द्वादशाक्षरी'वरून आलेला आहे. आता कॅ आणि कॉ धरून शाळेत चौदाखडी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. बंदरावरच्या मुलाला ट्रॉलर, लाइफ जॅकेट, डॉक्टर हे शब्द रोज कानावर पडतात. ते लिहिण्याचे चिन्ह त्याला पहिल्या वर्षीच मिळायला हवे.

मराठी वर्णमालेत वर्ण किती? कुठे ४८ वाचतो, कुठे ५२.

दोन्ही आकड्यांना आधार आहे. मोजणी वेगळी आहे. जुन्या व्याकरणांत १२ स्वर, २ स्वरादी आणि ३४ व्यंजने मिळून ४८ धरतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने देवनागरी लिपी आणि वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले, त्यात ॲ आणि ऑ हे दोन स्वर आले. १४ स्वर, २ स्वरादी (अनुस्वार आणि विसर्ग), ३४ व्यंजने आणि क्ष, ज्ञ ही २ विशेष संयुक्त व्यंजने, असे ५२ होतात. १० नोव्हेंबर २०२२ ला याविषयीचा सुधारित निर्णय निघाला. परीक्षेत प्रश्न आला तर ५२ लिहा, फक्त फोड पाठ असू द्या.

३४ व्यंजनांचा हिशेब असा: क ते म पंचवीस, य र ल व चार, श ष स तीन, मग ह आणि ळ.

स्वरांतला ऌ फक्त 'क्लृप्ती'सारख्या एखाद्या शब्दात भेटतो. त्याच्यावर वेळ घालवू नये.

क, च, ट, त, प हा क्रम कोणी आणि का ठरवला?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्या वर्णमालेचे खरे वैभव इथे आहे आणि शाळेत ते क्वचितच दाखवले जाते.

क, च, ट, त, प एवढेच सावकाश म्हणा आणि जीभ कुठे टेकते ते पाहा. 'क'ला जिभेची मागची बाजू घशाजवळ टेकते. 'च'ला जीभ टाळूच्या मध्यावर येते. 'ट'ला शेंडा वर वळून टाळूच्या पुढच्या कडेला लागतो, 'त'ला दातांना. 'प'ला जिभेचे काम संपते आणि ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंत आवाज एकेक पायरी पुढे सरकत येतो. म्हणून त्यांना कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य म्हणतात.

आता आडवे वाचा: क, ख, ग, घ, ङ. तळहात तोंडासमोर धरून 'क' आणि 'ख' म्हणा. 'ख'ला हातावर हवेचा झोत लागतो, 'क'ला जवळजवळ नाही. हा अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक. मग दोन बोटे गळ्यावर ठेवून 'क' आणि 'ग' म्हणा. 'ग'ला गळ्यात कंप जाणवतो. हा अघोष आणि सघोष यांतला फरक. शेवटी नाक चिमटीत धरून 'म' म्हणून पाहा. तो नीट निघतच नाही, कारण त्याची हवा नाकावाटे जाते. पाच ओळींत हाच नियम पाच वेळा आलेला आहे. पहिलीच्या वर्गात हा खेळ घेतला की मुले 'थ' आणि 'ध' यांत, 'ट' आणि 'त' यांत गोंधळत नाहीत. घोकंपट्टीने जे महिनाभर होत नाही ते यात पटकन होते.

ही मांडणी वेदपठणातल्या उच्चारशास्त्रातून आली. एका माणसाचे नाव तिला जोडता येत नाही. पाणिनीची चौदा शिवसूत्रे वर्णांचीच मांडणी आहेत, पण त्यांचा क्रम वेगळा आहे (अ इ उ ण्…). तो व्याकरणाचे नियम थोडक्यात सांगता यावेत यासाठी लावलेला आहे. उच्चारावर बेतलेला आपला क्रम मात्र बौद्ध धर्माबरोबर पार जपानपर्यंत पोचला. जपानी काना अक्षरे आजही अ, क, स, त, न… अशा ज्या क्रमाने म्हणतात त्यामागे हीच पद्धत आहे. इंग्रजी ए, बी, सी, डी या क्रमामागे उच्चाराचे असे कारण नाही. तो परंपरेने तसा चालत आलेला आहे.

ङ आणि ञ कोणत्याच शब्दात दिसत नाहीत. मग शिकवायचे कशाला?

दिसत नसले तरी दिवसभर तोंडात असतात. हे पाच शब्द मोठ्याने म्हणा: बांगडा, इंजिन, तांडेल, मांदेली, कोलंबी. पाचही शब्दांत डोक्यावर तोच एक टिंब आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा उच्चार निराळा आहे. 'बांगडा'मध्ये तो ङ आहे, 'इंजिन'मध्ये ञ, 'तांडेल'मध्ये ण, 'मांदेली'मध्ये न आणि 'कोलंबी'मध्ये म. पुढचे व्यंजन ज्या वर्गातले, त्या वर्गातले शेवटचे अनुनासिक अनुस्वाराच्या जागी उच्चारले जाते. कोणी शिकवलेले नसतानाही मासळी बाजारात हे प्रत्येकजण अचूक करतो.

उघडपणे लिहिलेला ङ 'वाङ्मय' या शब्दात सापडतो. ञ हा 'ज्ञ'च्या आत आहे: ज् आणि ञ मिळून ज्ञ. आपण त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, हा मराठी वळणाचा भाग आहे.

ळ शेवटी का येतो? आणि ळ-ने सुरू होणारा शब्द आहे का?

मराठीत ळ-ने सुरू होणारा शब्द नाही. पण मध्ये आणि शेवटी तो जागोजागी असतो: चिपळूण, कुडाळ, केळशी, नारळ, गाळ, होळी. संस्कृतच्या रूढ वर्णमालेत त्याला स्वतंत्र जागा नव्हती. वेदांत तो येतो, पुढच्या संस्कृतात नाही. मराठीला मात्र तो हवाच, म्हणून 'ह'नंतर शेवटी घेतला गेला. 'गाल' आणि 'गाळ', 'कल' आणि 'कळ', 'वेल' आणि 'वेळ' या जोड्या पाहिल्या की त्याच्याशिवाय मराठी चालणारच नाही हे दिसते. इंग्रजीत लिहिताना ळ आणि ल दोन्हींना एकच अक्षर वापरतात, आणि इंग्रजी पाटी वाचून बाहेरून आलेले लोक 'चिपलून' म्हणतात. त्यांना आपण प्रेमाने 'चिपळूण' म्हणून दाखवावे.

'दर्या' आणि 'दऱ्या' यात अक्षर बदलते का?

वर्ण तेच, पण लिहिण्याची पद्धत आणि उच्चार वेगळा. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्या शब्दात रफार आहे आणि 'द'वर आघात येतो: दर्-या. दुसऱ्यात 'र'चे अर्धे, वाटोळे रूप आहे आणि आघात न देता उच्चार होतो. एका बाजूला सह्याद्रीच्या दऱ्या, दुसऱ्या बाजूला दर्या, असा ज्यांचा मुलूख आहे त्यांनी तरी हा फरक मोडू देऊ नये. कोळी गीताच्या फलकावर 'दऱ्याराजा' रंगवलेले दिसले तर रंगाऱ्याला सांगून 'दर्याराजा' करून घ्यावे.

टंकताना 'ऱ्या' असा मिळतो: खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्ताचे (पाय मोडण्याचे) चिन्ह, मग या. यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, या अर्ध्या 'र'साठी हाच मार्ग सांगितलेला आहे. साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे 'या' लिहिलात तर रफार येतो.

क्ष, ज्ञ, श्र, त्र हे वर्ण आहेत का?

उच्चाराच्या दृष्टीने चारही जोडाक्षरे: क्+ष, ज्+ञ, श्+र, त्+र. यांतल्या क्ष आणि ज्ञ यांचे रूप मूळ अक्षरांवरून ओळखूच येत नाही, त्यामुळे त्यांना वर्णमालेत 'विशेष संयुक्त व्यंजने' म्हणून जागा दिली आहे. श्र आणि त्र तिथे धरत नाहीत.

एका अक्षराला एकच उच्चार असतो ना?

बहुतेक ठिकाणी, पण सगळीकडे नाही. 'चूल'मधला च आणि 'चिंच'च्या सुरुवातीचा च एकदा म्हणून पाहा. 'जाळे'मधला ज आणि 'जीव'मधला ज पाहा. पहिला दंततालव्य, दुसरा तालव्य. मराठीने यासाठी वेगळे अक्षर केले नाही. बोलणाऱ्याला शब्द ओळखीचा असतो म्हणून निभावते. परप्रांतातून कोकणात स्थायिक झालेल्यांना मराठी शिकवताना हे आवर्जून सांगावे लागते, कारण पुस्तकावरून त्यांना ते कळणे शक्य नाही.

इंग्रजीत २६ अल्फाबेट आहेत, हे बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक आपल्याकडे फार पसरली आहे. इंग्रजीत अल्फाबेट हा शब्द पूर्ण संचासाठी आहे. त्या एका अल्फाबेटमध्ये २६ लेटर्स आहेत. 'ए हा पहिला अल्फाबेट' हे 'क ही पहिली वर्णमाला' म्हणण्यासारखे झाले. मराठीत बोलताना हा घोळ टाळण्याचा सरळ मार्ग आहे: 'इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे आहेत.' एका अक्षराला 'अक्षर' किंवा 'लेटर', संचाला 'वर्णमाला' किंवा 'अल्फाबेट'.

भारतीय इंग्रजीत एका अक्षराला अल्फाबेट म्हणणे इतके रुळले आहे की बोलताना कोणी अडत नाही. पण इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत, अर्जात किंवा मुलाखतीत लेटर म्हणावे.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. वाहनाच्या नोंदणी क्रमांकात, म्हणजे रायगडच्या एमएच-०६, सिंधुदुर्गच्या एमएच-०७ किंवा रत्नागिरीच्या एमएच-०८ नंतर जी अक्षरे येतात, त्यांत आय आणि ओ वापरत नाहीत. ती एक आणि शून्य या अंकांसारखी दिसतात, म्हणून २६ पैकी ही दोन गाळलेली आहेत.

अल्फाबेट हा शब्द आला कुठून?

ग्रीक वर्णमालेतली पहिली दोन अक्षरे अल्फा आणि बीटा. त्यांच्या नावांवरून शब्द झाला. ग्रीकांनी अक्षरे घेतली ती फिनिशियन या दर्यावर्दी व्यापाऱ्यांकडून. फिनिशियन संचात २२ अक्षरे होती आणि सगळी व्यंजनांची. ग्रीकांनी स्वतःला न लागणारी काही अक्षरे स्वरांसाठी वापरली, आणि तिथून स्वर-व्यंजने शेजारी शेजारी लिहिण्याची युरोपीय पद्धत सुरू झाली.

त्याच कुळातली हिब्रू अक्षरे कोकणातही आहेत. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल हा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. तेलाच्या घाण्यांचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागला इस्रायल आळीत त्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू असा त्यांचा रिवाज. हिब्रूतले पहिले अक्षर आलेफ, दुसरे बेथ. फिनिशियनमध्येही हीच नावे, अर्थ बैल आणि घर. ग्रीकांचे अल्फा-बीटा म्हणजे याच आलेफ-बेथची ग्रीक रूपे.

मग आपली वर्णमाला हीसुद्धा अल्फाबेटच का?

सैल अर्थाने हो, नेमक्या अर्थाने नाही. इंग्रजीत स्वराला स्वतःचे पूर्ण अक्षर मिळते आणि ते व्यंजनाच्या शेजारी उभे राहते. देवनागरीत व्यंजनाच्या पोटातच 'अ' असतो, आणि दुसरा स्वर हवा असेल तर वर, खाली, मागे किंवा पुढे चिन्ह लावतात. अशा लेखनपद्धतीला भाषाशास्त्रात अबुगिडा म्हणतात. इथिओपियातल्या गीझ लिपीच्या पहिल्या अक्षरांवरून घेतलेले हे नाव अमेरिकी अभ्यासक पीटर डॅनियल्स यांनी रूढ केले. अरबी आणि हिब्रूसारख्या, मुख्यतः व्यंजने लिहिणाऱ्या पद्धतीला अबजद म्हणतात.

लिपी आणि वर्णमाला यांत फरक काय?

वर्णमाला ध्वनींची, लिपी आकारांची. वर्णमाला तीच राहून लिपी बदलू शकते, आणि हे पाहायला कोकणाबाहेर जावे लागत नाही. रायगड जिल्ह्यात कुडे येथे खाडीकाठी लेणी आहेत. तिथे माळ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत अनेकांनी दिलेल्या दानाचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. भाषा प्राकृत, अक्षरांचे आकार आपल्याला अनोळखी, पण ध्वनी तेच क, ग, म, न. पुढे अलिबागजवळच्या आक्षी गावचा शिलालेख पाहा. तो मराठीतला आणि देवनागरीत आहे. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा लावला. त्यांच्या वाचनाप्रमाणे तो मराठीतल्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांपैकी ठरतो. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत आकार पिढ्यान्पिढ्या बदलत गेले.

एक अक्षर मात्र फारसे बदलले नाही, ते म्हणजे ढ. ब्राह्मीतला ढ आजच्या ढ-सारखाच दिसतो. काही न शिकणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणतात त्याची उपपत्ती अशीच सांगितली जाते. मुलांना तो शब्द लावू नये, पण अक्षराची गोष्ट जरूर सांगावी.

मोडी ही वेगळी भाषा आहे का? घरात मोडी कागद आहेत, वाचायचे कसे?

मोडी ही लिपी आहे, भाषा मराठीच. देवनागरीला त्या काळी बाळबोध म्हणत. मोडी भरभर लिहिण्यासाठी घडवलेली लिपी: आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत, लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे लिहीत जायची. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात. इ आणि ई, उ आणि ऊ यांत सहसा फरक करत नाहीत. म्हणून मोडी वाचताना नुसती अक्षरओळख पुरत नाही. गावांची, वाड्यांची, ठिकाणांची नावे माहीत असावी लागतात. खोताच्या हिशेबात किंवा जमिनीच्या खरेदीखतात जे नाव बाहेरच्या वाचकाला लागत नाही, ते गावातला म्हातारा माणूस एका नजरेत सांगतो. वाचन करायला बसताना अशा कोणाला तरी शेजारी बसवा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात. तिथे शिकता येते. मोडीला २०१४ साली यूनिकोडमध्येही जागा मिळाली, त्यामुळे ती आता संगणकावर लिहिता येते. कागद उन्हात वाळवू नका, त्यांना चिकटपट्टी लावू नका, आणि वाचायला देण्याआधी त्यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा. मूळ कागद घराबाहेर देऊ नका.

कोकणी भाषेची लिपी कोणती?

एक नाही. देवनागरी, रोमी (म्हणजे रोमन), कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिपींत कोकणी लिहिली गेली आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरीतली कोकणी राजभाषा आहे. रोमी लिपीत कोकणीचे मोठे वाङ्मय आहे, आणि तिथे 'श'साठी इंग्रजी एक्सचे अक्षर वापरतात. अक्षर तेच २६ पैकी, उच्चार निराळा. यावरून दिसते की अक्षरांचा संच एका भाषेच्या मालकीचा नसतो. याच किनाऱ्यावर मराठीही रोमन अक्षरांत छापली गेली आहे: फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल येथे रोमन अक्षरांत छापले गेले. भाषा मराठी, अक्षरे रोमन.

मालवणीसाठी वेगळी वर्णमाला हवी का?

नको. मालवणी देवनागरीत व्यवस्थित लिहिता येते: झील, चेडू, गजाली, घोवकार. जपायला हवा तो अनुनासिक उच्चार. 'खंय', 'थंय' यातला टिंब म्हणजे ङ-ञ-ण नव्हे. तिथे स्वरच नाकातून येतो. प्रमाण मराठीत असे अनुच्चारित किंवा अस्पष्ट टिंब १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले, पण मालवणीत ते ऐकू येतात, म्हणून लिहावेत. मालवणी संवाद छापताना मुद्रितशोधक ते 'सुधारून' काढून टाकतात, तेव्हा लेखकाने हट्टाने परत घालावेत.

यादीला अ, ब, क, ड द्यायचे की अ, आ, इ, ई की क, ख, ग?

तिन्ही पद्धती चालू आहेत. अ, ब, क, ड ही इंग्रजी ए, बी, सी, डीच्या जागी आलेली जोडणी; शाळेच्या तुकड्या, गट-अ ते गट-ड अधिकारी-कर्मचारी, त्रिकोण अबक, परीक्षेचे पर्याय यांत ती पक्की बसली आहे. संविधानाच्या मराठी आवृत्तीत खंड (क), (ख), (ग) असे आहेत. आमचे मत विचाराल तर चार-पाच मुद्द्यांपर्यंत अ, ब, क, ड ठीक. यादी लांब असेल तर क, ख, ग, घ घ्यावे, कारण 'ड'च्या पुढे काय हे कोणालाच नक्की सांगता येत नाही आणि प्रत्येकजण वेगळे अक्षर लिहितो. एका कागदावर दोन पद्धती मिसळू नयेत.

संगणकावर नावे क्रमाने लावली की ळ भलतीकडे जातो. का?

यूनिकोडमध्ये देवनागरीच्या तक्त्यात ळ 'ल'च्या लगेच पुढे आणि 'व'च्या आधी बसवलेला आहे. नुसत्या संकेतांकाने क्रम लावला तर 'गाळ' आधी आणि 'गाव' नंतर येतो. मराठी वर्णक्रमात ळ 'ह'नंतर, म्हणून 'गाव' आधी हवे. ग्रामपंचायतीची यादी किंवा वाचनालयाचा सूचीपट तयार करताना प्रणालीत भाषा मराठी निवडलेली आहे का ते पाहा. छापील कोशांत क्ष आणि ज्ञ कुठे मिळतील याबाबत सगळे कोश सारखे नाहीत. काहींत ते क आणि ज खाली असतात, काहींत शेवटी. कोशाच्या आरंभी वर्णक्रम दिलेला असतो, तो एकदा पाहून ठेवला की शोधाशोध वाचते.

ऑनलाइन अर्जात 'फक्त अल्फाबेट्स टाका' असे येते. काय टाकायचे?

इथे अल्फाबेट्सचा अर्थ इंग्रजी ए ते झेड ही अक्षरे. अंक, पूर्णविराम, स्वल्पविराम, आडवी रेघ चालत नाही, आणि बहुधा देवनागरीही नाही. आद्याक्षरांनंतरचे टिंब काढा, दोन शब्दांमध्ये एकच जागा सोडा. 'अल्फान्यूमेरिक' असेल तर अक्षरे आणि अंक दोन्ही चालतात. इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहा, उच्चाराला अधिक जवळचे वाटले तरी नवे करू नका.

बोलण्यात या शब्दांचे काय काय उपयोग होतात?

'ग म भ न' म्हणजे अगदी प्राथमिक माहिती: 'त्याला जाळ्याच्या धंद्यातले ग म भ नसुद्धा माहीत नाही.' ही अक्षरे आकाराने जवळची आणि गिरवायला सोपी, म्हणून शिकवताना पहिल्यांदा घेत. 'ओनामा' हा 'ॐ नमः सिद्धम्'चा घासून झालेला शब्द. धूळपाटीवर पहिले तेच गिरवत. 'कामाचा ओनामा केला', 'श्रीगणेशा केला' म्हणजे सुरुवात केली. 'तोंडातून ब्र काढला नाही' म्हणजे अवाक्षर बोलला नाही. 'काना-मात्रेचा फरक नाही' म्हणजे हुबेहूब तसेच. 'अक्षरशत्रू' म्हणजे निरक्षर. शेवटचा शब्द माणसाला तोंडावर लावू नये. साक्षरता वर्गात येणाऱ्या आजींना तर कधीच नाही.

'लिपी' ऱ्हस्व की दीर्घ? अनेकवचन काय?

एकटा शब्द असेल तेव्हा शेवटी दीर्घ: लिपी. विभक्ती लावतानाही दीर्घ: लिपीत, लिपीचा. समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व: लिपिशास्त्र, लिपिकार. 'लिपिक'ही ऱ्हस्वच. अनेकवचन लिप्या: 'कोकणीच्या पाच लिप्या'. प्रत्यय लागला की 'लिपींत', 'लिपींचा'.